चौदा दिवसांच्या बोलीवर खोकला

कर्मचारी क्रमांक सत्तेचाळीस. पदनाम : परिचर (शांतता), वाचनकक्ष, पहिला मजला. वय सत्तावन्न. उंची मध्यम, बांधा मध्यम, ओळखीची खूण नाही. कर्तव्ये : एक, कक्षात आवाज होऊ न देणे, दोन, झालाच तर तो वाढू न देणे, तीन, वाचकांची मागणीपत्रे गोळा करून तळघराकडे पाठवणे व आलेली पुस्तके ज्याची त्यास देणे. वर्तणूक समाधानकारक. कर्मचाऱ्याचा स्वतःचा आवाज : निरंक.

ग्रंथालयाच्या सेवापत्रकात हे असे लिहिलेले आहे, आणि बावीस वर्षांत त्यात खोडण्यासारखे काही निघाले नव्हते. वाचक त्यांना चूपमामा म्हणत. लोकांना मामा बनवणारे जगात पुष्कळ; कुणालाही न बनवता सगळ्यांचा मामा झालेला माणूस विरळा.

गंमत अशी की 'चूप' हा शब्द त्यांनी कधी उच्चारलाच नव्हता. त्यांचे सारे काम उजव्या हाताच्या तर्जनीवर चाले. कुजबुज झाली की बोट एक इंच वर. खुर्ची फरफटली की दोन इंच. चष्मा काढून टेबलावर ठेवणे ही शेवटची पायरी. ती त्यांनी बावीस वर्षांत दोनदाच गाठली होती : एकदा शीळ घालणाऱ्या एका इसमासाठी, आणि एकदा डबा उघडून बसलेल्या एका कुटुंबासाठी. त्या कुटुंबातला धाकटा आता स्वतः इथे वाचायला येतो आणि अजूनही चूपमामांच्या चष्म्याकडे पाहत नाही.

वाचनकक्ष लांबलचक होता, पश्चिमेला अकरा खिडक्या. दुपारी दोननंतर ऊन आत यायचे ते पाहुण्यासारखे, आधी उंबऱ्याशी घुटमळत, मग हळूच पहिल्या टेबलावर. तीनच्या सुमाराला ते विश्वकोशाच्या पाठींवरून चालू लागे, एकेका खंडावर हात फिरवल्यासारखे. चारला शब्दकोडेवाल्या आजोबांच्या टकलावर येऊन विसावे. धूळ त्या उन्हात कुठेही जायची घाई नसल्यासारखी तरंगत राही. अशा वेळी वाचक वाचत आहेत की झोपेत पान उलटत आहेत, हे त्यांनाही सांगता आले नसते. चूपमामा खिडकीखालच्या खुर्चीत बसून हे सगळे राखत असत. जसा कुणी तळ्याकाठी बसून पाणी राखतो, कुणी खडा मारू नये एवढ्यासाठी.

निवृत्तीला तीन वर्षे होती. ती याच खुर्चीत जावीत, यापलीकडे त्यांचे आयुष्याकडे काही मागणे नव्हते.

पण साहेब कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना 'शांतता सुधारणा कार्यक्रम' घेऊन आले. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूट बसले. दारांच्या बिजागऱ्यांना तेल मिळाले. छताचे चार जुने पंखे, ज्यांतला चौथा गेली कित्येक वर्षे कट्-कट्-कट् करत फिरायचा, ते एका शुक्रवारी उतरवून तळघरात जमा झाले आणि नवे आले. नवे पंखे इतके गुमान फिरत, की ते चालू आहेत का हे पाहायला मान वर करावी लागे. सोमवारी कक्षात एवढी शांतता झाली की पेन्सिलीचे टोक कागदावरून वळताना ऐकू यायचे. साहेबांनी दारात उभे राहून ती ऐकली आणि कृतार्थ होऊन गेले.

मंगळवारी, दोन वाजून चाळीस मिनिटांनी, कुणीतरी खोकले.

खोकला मोठा नव्हता. कफाचा नव्हता, सर्दीचा नव्हता. कोरडा, एवढासा, पाकिटाचा कोपरा फाडावा तसा. चूपमामांचे बोट सवयीने वर गेले, कक्षभर फिरले, आणि आरोपी न सापडल्यामुळे परत येऊन मांडीवर बसले. मग दुसरा आला. या खेपेला बोट उठले नाही. कक्षातल्या तेवीस माणसांनी एकदम मान वर करून खिडकीखालच्या खुर्चीकडे पाहिले. पोलिसाच्याच घरी चोरी व्हावी तसे चूपमामांचे तोंड झाले होते.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. दुपारी दोन-चाळीसला, ऊन पहिल्या टेबलावर आले की. घशात आधी एक केस हलल्यासारखे व्हायचे. चूपमामा गिळून पाहत, श्वास धरून पाहत, मनातल्या मनात साताचा पाढा म्हणत. पाढा संपायच्या आत पाकीट फाटे.

दोन आठवड्यांनी तक्रारवहीत नोंद झाली. ती प्रबंधवाल्यांनी केली. प्रबंधवाले गेली नऊ वर्षे त्याच टेबलावर प्रबंध लिहीत होते आणि त्यांच्याकडे एकूण दहा संदर्भ जमले होते. 'शांतता राखणारेच खोकतात. चिंतनात व्यत्यय,' एवढेच लिहून त्यांनी खाली वळणदार सही केली. सहीचा सराव दिसत होता.

साहेबांनी चूपमामांना बोलावून घेतले.

"बसा. पाणी घेता?"

"नको, साहेब."

"घ्या हो. तेवढंच घशाला बरं." साहेब माणूस वाईट नव्हता, फक्त परिषदेला जाऊन आला होता. "हे बघा, मला काही आनंद नाही. पण आपल्या कक्षाचं नाव झालंय शांततेसाठी. चौदा दिवस देतो. चौदाव्या दिवशी मी स्वतः येऊन बसेन, दुपारी तासभर. खोकला नसला तर प्रश्नच मिटला."

"आणि असला तर?"

"तर आवक-जावक विभाग. तिथे दिवसभर शिक्के आपटत असतात. तुम्ही खोका, शिंका, गाणी म्हणा. कोणाला पत्ता लागायचा नाही."

आवक-जावक विभाग तळमजल्यावर, मागच्या बाजूला होता. तिथे खिडकी नव्हती. चूपमामा पाणी न पिता परत आले.

डॉक्टरांनी छाती पुढून तपासली, मागून तपासली, 'आ' करायला लावले, आणि म्हणाले, "छाती स्वच्छ आहे. इतकी स्वच्छ छाती मी या महिन्यात पाहिली नाही." चूपमामांना त्याचे काही समाधान वाटले नाही. घाण निघाली असती तर निदान झाडता तरी आली असती.

घरी तर कोणाचा विश्वासच बसेना. कोणाचा म्हणजे बायकोचा; घरात तिसरे कोणी नव्हते. ती घरीच लोकांचे कपडे शिवे. सकाळी भांडी झाली की शिलाईयंत्र सुरू व्हायचे ते रात्रीच्या जेवणापर्यंत. बावीस वर्षे चूपमामा शांततेची ड्यूटी करून त्या खडखडाटात परत येत होते आणि त्यांना कधी झोपेची गोळी लागली नव्हती.

"खोकला म्हणे! इथे तर खोकताना दिसत नाही तुम्ही," बायको म्हणाली. यंत्राच्या चाकावर तिचा हात होता.

"तिथे येतो."

"म्हणजे ऑफिसात खोकता आणि घरी नाही. घरी यायला त्याला काय परकं वाटतं?"

तरी तिने हयगय केली नाही. कांदा चिरून रात्रभर मधात ठेवला आणि सकाळी त्याचा पाझरलेला रस चमचाभर दिला. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करायला लावल्या. डोक्यावर टॉवेल टाकून वाफेच्या पातेल्यावर ओणवे बसवले. चूपमामा त्या टॉवेलाच्या अंधारात डोळे मिटून बसत, आणि वाफेत त्यांना वाटे, अकरा खिडक्या धुक्यात उघड्या राहिल्या आहेत, कुणीतरी जाऊन लावायला हव्यात. बायको बाहेरून विचारी, "झोपलात की काय?" आणि टॉवेल म्हणे, "नाही."

इकडे बातमी कक्षात पसरली. कशी, ते कोणी सांगू शकले नसते, कारण तिथे बोलायला बंदी होती. पण चौदा दिवसांची मुदत सगळ्यांना ठाऊक झाली, आणि त्यासरशी जो तो वैद्य झाला. बोलून औषध सांगणे शक्य नव्हते. टेबलावर कागद एकच मिळे : मागणीपत्र. तेव्हा औषधे मागणीपत्रावर येऊ लागली.

मागणीपत्राला चार रकाने होते. मुलांना गाणे शिकवणाऱ्या एका बाईंनी ते रीतसर भरले. लेखक : माझी आई. शीर्षक : ज्येष्ठमध. प्रती : बोटभर काडी एक. विशेष सूचना : गालात धरून रस हळूहळू गिळणे, चावू नये. शब्दकोडेवाल्या आजोबांनी लेखकाच्या जागी 'अनुभव' लिहिले, शीर्षक 'आले व मध', सूचना 'गरम पाण्यातून, घोट घोट'. तिसरे मागणीपत्र प्रबंधवाल्यांचे होते. त्यावर 'तक्रार मीच केली होती' असे आधी लिहून मग मध आणि काळी मिरी यांचे प्रमाण दिले होते. प्रमाणाला तळटीप होती.

चूपमामांना भरून आले. आणि भरून आलेल्या माणसाचे हात सवयीने जे करतात, तेच त्यांनी केले. अकराच्या फेरीची मागणीपत्रे गोळा केली, जुळवून घेतली, त्यात ही तिन्ही गेली, आणि गठ्ठा पाळण्यात ठेवून दोरी ओढली.

पाळणा म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात वर-खाली होणारी लाकडी पेटी. वरून चिठ्ठ्या जात, खालून पुस्तके येत. खाली, तळघरात, पुस्तके राखायला एक बाई होत्या. वरचे लोक त्यांना 'खालच्या बाई' म्हणत, आणि त्या वरच्यांना काय म्हणत ते वर कधी पोचले नाही. त्या मागच्या दाराने अर्धा तास आधी येत आणि मागच्या दाराने अर्धा तास उशिरा जात. एकोणीस वर्षांत चूपमामांनी त्यांना दोनदा पाहिले होते : एकदा आगीच्या कवायतीत, पाठमोऱ्या; आणि एकदा समूहछायाचित्रात, जिथे त्यांचा अर्धा चेहरा कुणाच्या तरी छत्रीमागे गेला होता. बाकी ओळख दोरीची. पुस्तके ठेवली की त्या तीन हिसके देत. जड ग्रंथ असला तर तिसरा हिसका जरा थांबून येई, 'सांभाळून' म्हटल्यासारखा.

खालच्या बाईंचाही एक अभिमान होता. मागणी पुरवता आली नाही तर मागणीपत्रावर 'नाही' असा शिक्का मारायचा नियम होता. एकोणीस वर्षांत त्यांनी तो तीनदा मारला होता. ती तिन्ही पुस्तके त्यांना अजून, मेलेल्या नातलगांसारखी, वर्षासकट आठवत.

अर्ध्या तासाने पाळणा वर आला. आधी त्याची कप्पी वाजली, 'कुईं-कुईं', जशी ती रोज वाजे. चूपमामांनी पुस्तके उचलली. खाली, पुस्तकांच्याच रांगेत, ज्येष्ठमधाची एक काडी होती. बोटभर. शेजारी मधाची चपटी बाटली. आणि एक झाकण लावलेला पेला, ज्याला हात लावताच चटका बसला. प्रत्येकाला मागणीपत्र टाचलेले, प्रत्येकावर 'पुरवले' असा शिक्का, आणि खाली परत करण्याची तारीख. चौदा दिवसांनंतरची.

चूपमामा तिथेच उभे राहिले. आपण काय पाठवले ते त्यांच्या ध्यानात आले आणि कान तापले. पण रागावण्यासारखे काही सापडेना. मागितले होते, आले होते. नंतर कळले त्यात नवल काहीच नव्हते. एकोणीस वर्षे जुन्या कागदांच्या धुळीत बसलेल्या बाईच्या खणात ज्येष्ठमध असणार, मध असणार, आणि थर्मासात आल्याचे पाणी असणार. कोरडा घसा काय असतो ते त्यांना शिकवायला नको होते.

आता पेच असा, की नियम चारप्रमाणे वाचनकक्षात खाण्यापिण्यास सक्त मनाई होती, आणि तो नियम राबवणारे चूपमामाच होते. त्यांनी विचार केला. कोनाडा भिंतीत आहे. भिंत ही इमारतीची. इमारत म्हणजे कक्ष नव्हे. मग त्यांनी डोके कोनाड्यात घातले आणि पेला तोंडाला लावला. बाहेरून पाहणाऱ्याला कमरेपासून खालचे चूपमामा तेवढे दिसत होते. आत अंधार होता, गार होता. खालून जुन्या कागदाचा वास विहिरीतल्या थंडाव्यासारखा वर येत होता आणि त्यात आल्याची वाफ मिसळत होती. फार खोल कुठेतरी कुणी पान उलटल्याचा आवाज आला. चूपमामा एक घोट घेत आणि थांबत. त्यांना वाटले, आपण पाण्याच्या वरच्या बाजूला बसलो आहोत, आणि तळाशीही कुणीतरी राखण करते आहे.

असे रोज होऊ लागले. काडी गालात राही. रात्री खिशातून रुमाल काढताना ती बायकोच्या हाती लागली.

"ही कुठली?"

"ग्रंथालयाची."

"ग्रंथालय ज्येष्ठमध देतं?"

"मागणीपत्र भरावं लागतं."

बायकोने काडी वास घेऊन पाहिली. "चांगली आहे. जुनी. कोण देतं?"

"खालच्या बाई."

"कशा आहेत दिसायला?"

"अर्ध्याच पाहिल्यात."

बायकोने काडी उलटसुलट फिरवून पाहिली. "परत द्यायची का ही?"

"चौदा दिवसांत."

"चघळलेली काडी परत घेणारं खातं मी पहिल्यांदा ऐकलं," असे म्हणून ती यंत्रावर बसली.

औषधांचा गुण आला, असे म्हणायला हरकत नाही. घसा मऊ पडला. खवखव गेली. गिळताना जो काटा टोचायचा तो बोथट झाला. फक्त दोन-चाळीसला खोकला यायचा तो येतच राहिला. ज्येष्ठमधाला वळसा घालून, मधावरून घसरत, वेळेवर. मुदतीतले नऊ दिवस गेले.

नवव्या रात्री बायको कुणाच्या तरी झग्याला झालर लावत होती. यंत्र धडधडत होते, चूपमामा खुर्चीत डोळे मिटून. दोरा संपला. यंत्र थांबले. चूपमामा खोकले. दोरा ओवून यंत्र सुरू झाले. खोकला बंद. पुन्हा दोरा तुटला, पुन्हा खोकला.

बायकोने यंत्रावरून मान वळवली. "अहो, एक विचारू? मी दोरा ओवायला थांबले की तुम्ही खोकता. माझ्या दोऱ्यावर तुमचा काय राग आहे?"

"काहीतरीच."

"थांबा." तिने पायडल मारले, थांबवले; मारले, थांबवले. चौथ्या खेपेला चूपमामा खोकले आणि ती विजयाने म्हणाली, "बघा! गप्प झालं की येतो. तुम्हाला शांतता मानवत नाही हो!"

बावीस वर्षे पाण्यात काढलेल्या माशाला पाणी मानवत नाही असे म्हणावे, तसे ते वाक्य होते. चूपमामांना रात्रभर त्याचा विचार पुरला.

सकाळी त्यांनी मागणीपत्र घेतले. या वेळी चुकून नव्हे. लेखक : बायको. शीर्षक : शिलाईयंत्र चालू असता खोकला येत नाही. प्रती : एक. विशेष सूचना : पहिला खोकला मंगळवारी, दोन-चाळीसला. काय समजावे?

पाळणा रिकामा परत आला. चिठ्ठीवर 'मागील नोंदी पाहून कळवते' एवढेच. दुपारी उत्तर आले, टाचणी टोचलेल्या तीन ओळींत. 'चार जुने पंखे तळघरात जमा, शुक्रवार. पहिला खोकला, मंगळवार. मध्ये शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे शांततेचे कामाचे दिवस फक्त दोन.' आणि विशेष सूचना : 'तुमची जागा फार गप्प झाली आहे.'

चूपमामा ते वाचत कोनाड्यापाशी उभे राहिले. मग त्यांनी मान वर करून चौथ्या पंख्याच्या जागी पाहिले. नवा पंखा स्वप्नात फिरावा तसा फिरत होता. बावीस वर्षे ते ज्याला शांतता समजून राखत आले होते, तिच्या तळाशी कट्-कट्-कट् असे काहीतरी चालू होते, आणि ते त्यांच्या इतके अंगवळणी पडले होते की त्यांनी त्यावर कधी बोट उगारले नव्हते. थोडा वेळ त्यांना फसवल्यासारखे वाटले. मग आठवण आल्यासारखे.

'पंखा वर पाठवता येईल का? नाहीतर शुक्रवारच्या तपासणीनंतर आवक-जावकला बदली,' त्यांनी लिहिले.

'पाळण्यात मावत नाही. मोजून पाहिले,' खालून आले. आणि खाली, जरा बारीक अक्षरात : 'शिक्क्यांच्या आवाजात हा खोकला येणार नाही. आवक-जावक हा रामबाण उपाय आहे.'

हे खरेच होते. दिलेली शिक्षा हेच औषध होते. साहेबांनी नकळत योग्य तेच सुचवले होते. चूपमामांनी पेन्सिलीला टोक केले. मग लिहिले : 'मान्य. पण तिथे खिडकी नाही.'

ही चिठ्ठी परत आली नाही. 'पुरवले' नाही, 'नाही' नाही. एकोणीस वर्षांत असे झाले नव्हते. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. आल्याचा पेला मात्र वेळेवर येत राहिला.

तेराव्या दिवशी मधाची बाटली रिकामी झाली आणि परतीची तारीख जवळ आली होती. बायकोने ती धुतली, वाळवली, आणि तिच्यात आपला कांदा-मधाचा रस गाळून भरला.

"हे कशाला? रिकामीच द्यायची आहे."

"रिकामं भांडं परत देतं का कोणी? आणि अर्ध्या दिसतात म्हणून काय झालं, घसा तर अख्खा आहे ना त्यांना."

बाटली पाळण्यातून खाली गेली. पोचपावती म्हणून दोरीला एक हिसका बसला. फक्त एक. तो कशाचा, हे चूपमामांना कळले नाही.

चौदाव्या दिवशी अडीच वाजता साहेब आले. वही, पेन आणि मनगटावरचे घड्याळ घेऊन मधल्या टेबलाशी बसले. कक्ष भरलेला होता. गाण्याच्या बाई आल्या होत्या, ज्या एरवी शुक्रवारी येत नसत. आजोबांनी कोडे उघडले होते, पण पेन्सिल काढली नव्हती. चूपमामांच्या गालात काडी होती, ओंजळीत रुमाल. पहिल्या टेबलाच्या कडेवर उन्हाची एक रेघ आली आणि थबकली.

दोन पस्तीस. शांतता इतकी दाटली की तिला कान लावावा तर कानच वाजावा. दोन अडतीस. घशात केस हलला. चूपमामांनी गिळले. पाढे सुरू केले. सात सक बेचाळीस. ऊन टेबलावर चढले. सात साते एकोणपन्नास...

'कुईं.'

साहेबांनी मान वर केली. 'कुईं-कुईं-कुईं.' पाळणा वर येत होता. चूपमामा उठले, कोनाड्यापाशी गेले. आत एकच पुस्तक होते, टेकड्यांवरील गवतांविषयीचे, आणि ते कोणीही मागितले नव्हते. ते उचलताच पाळणा आपोआप खाली गेला, 'कुईं-कुईं', आणि पुन्हा वर आला. या वेळी जुन्या पुलांचा अहवाल. मग मधमाशा पाळण्याची प्राथमिक माहिती. मग काहीच नाही. रिकामा पाळणा, नुसता खाली-वर, खाली-वर. कप्पी दुपारच्या उन्हात अशी लयीत वाजत होती, की मागच्या बाकावर दोघे पेंगू लागले.

चूपमामांच्या घशातला केस निजला.

"हे इतकं सगळं कोणी मागवलंय?" साहेबांनी दबक्या आवाजात विचारले.

चूपमामांनी आयुष्यात कार्यालयीन असत्य सांगितले नव्हते. त्यांनी तोंड उघडले, तेवढ्यात मागून बोट वर झाले. प्रबंधवाल्यांचे. "ते गवताचं मी. संदर्भासाठी."

"पूल माझा," आजोबा म्हणाले. "पाच अक्षरी शब्द अडलाय."

"मधमाशा माझ्या," गाण्याच्या बाई म्हणाल्या.

वाचनकक्षात तिघे जण उघड बोलले आणि चूपमामांचे बोट जागचे हलले नाही. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिले. साडेतीनपर्यंत पाळणा वाजत राहिला. मग तीन हिसके बसले आणि थांबला. तिसरा हिसका जरा उशिराने आला.

रिकाम्या पाळण्याच्या तळाशी एक चिठ्ठी होती. चार दिवसांपूर्वीची, चूपमामांच्याच अक्षरातली : 'मान्य. पण तिथे खिडकी नाही.' तिच्यावर 'पुरवले' असा शिक्का होता.

साहेबांचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. सेवापत्रकात तो असा उतरला आहे : 'कर्मचारी क्रमांक सत्तेचाळीस यांचे प्रत्यक्ष निरीक्षण करण्यात आले. कालावधी साठ मिनिटे. खोकला : आढळला नाही. कर्मचाऱ्याचा स्वतःचा आवाज : निरंक. बदलीचा प्रस्ताव रद्द. तथापि पुस्तकवाहक पाळण्याच्या कप्पीचा आवाज कक्षातील शांततेस बाधक आढळल्याने तीस तातडीने तेल देण्यात यावे. कार्यवाही : तळघर.' समासात, आठ दिवसांनंतरची तारीख घालून, खालच्या बाईंची नोंद आहे : 'तेल प्राप्त. कार्यवाही चालू.'

प्रबंधवाल्यांचे अकरा संदर्भ झाले आहेत. चूपमामा खिडकीखाली बसतात. दुपारी दोन-चाळीसच्या सुमाराला, मागणी असो नसो, पाळणा एक-दोन फेऱ्या करतो.

तेलाची बाटली तळघरातल्या खणात, ज्येष्ठमधाच्या शेजारी आहे. तिचे बूच अजून काढलेले नाही.